मदत हवी आहे: पेग मोजतोय, पळतोय, तरी वजन हलत नाही

पहाटधाव
आठवड्याला सहाच पेग. प्रत्येक पेग अ‍ॅपमध्ये टाकतो. चार दिवस पळणं. दोन महिन्यांत काटा जागचा हलला नाही. चुकतंय कुठे? लवकर सांगा, जानेवारीत हाफ मॅरेथॉन आहे.

मापटं
स्मॉल (३० मिली) की लार्ज (६० मिली)? कशाबरोबर? सहा पेग एका बैठकीत की विभागून? अ‍ॅप कुठल्या देशाचं?

बिअरप्रेमी_ठाणे
व्हिस्की सोडा, बिअरवर या. हलकी असते.

मापटं
कुठली बिअर ते सांगा ना. ८ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग म्हणजे ४१ ग्रॅम अल्कोहोल. दोन लार्ज झाले की!

बिअरप्रेमी_ठाणे
मी माइल्डबद्दल बोलतोय. ५ टक्के, ३३० मिलीचा पाइंट, १३ ग्रॅम. स्ट्राँग कोणी सुचवली?

पहाटधाव
लार्जच, अजून काय. व्हिस्की, कोला. शुक्रवारी तीन, शनिवारी तीन. अ‍ॅप अमेरिकन आहे, त्यात '१ ड्रिंक' टाकतो.

मापटं
घोळ इथेच आहे. अमेरिकन ड्रिंक १४ ग्रॅमचं. आपली व्हिस्की ४२.८ टक्के, ६० मिलीत २० ग्रॅम. सूत्र: मिली × टक्के × ०.००७९ = ग्रॅम; ग्रॅमला ७ कॅलरी. म्हणजे लार्जच्या १४२, वर १५० मिली कोल्याच्या ६५; अ‍ॅप मात्र एका ड्रिंकच्या ९८च धरतं. आठवड्याला साडेसहाशेच्या आसपास कॅलरी तुमच्या नोंदीतच येत नाहीत. 'ड्रिंक' सोडा, ग्रॅम लिहा. घरी ३०/६० मिलीचं मेजर वापरा, अंदाजाने ओतलेला लार्ज सहज ८० मिली भरतो. ग्लास रिकामा झाल्याशिवाय वर ओतू देऊ नका, मोजणी तिथेच बिघडते. आणि नोंद ओतताना करा. सकाळी आठवून लिहिलेला आकडा कमीच निघतो.

रिकामा_ग्लास
मोजत कसले बसता, पूर्ण बंद करा.

औषधपेटी
असं सरसकट सांगू नका. रोज भरपूर घेणाऱ्याने एकदम थांबवलं तर हात थरथरतात, घाम सुटतो, फिट येऊ शकते. तसं असेल तर आधी डॉक्टर. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. धागाकर्त्याचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी लार्जचे स्मॉल करावेत, कोल्याऐवजी साधा सोडा घ्यावा, दोन स्मॉलच्या मध्ये एक ग्लास पाणी. आणि जेवून बसावं.

नियमावली
परवाना आहे ना? महाराष्ट्रात हार्ड लिकरला वय २५ पूर्ण लागतं.

पहाटधाव
३८ वर्षांचा आहे. विषय तो नाही. रविवारी साडेपाचला लाँग रन असतो, ते विचारायचं राहिलं.

औषधपेटी
मग शनिवारची बैठकच हलवा. शरीर तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निपटतं. तीन लार्ज म्हणजे ६१ ग्रॅम, सहा ते नऊ तास. नऊला सुरुवात केलीत तर पळताना अजून रक्तात असू शकतं. झोप तुटलेली, पाणी कमी, नाडी चढलेली. लाँग रन झाल्यावर रविवारी दुपारी दोन स्मॉल घ्या, तेही आधी पाणी आणि जेवण झाल्यावर.

मापटं
चकणा विचारायचा राहिला. ३० ग्रॅम खारे शेंगदाणे म्हणजे साधारण १७० कॅलरी, लार्जपेक्षा जास्त. किती मुठी होतात?

पहाटधाव
तीन-चार. ते मोजलेच नव्हते.