आईला सिप्रो चालू आहे, टाच दुखून राहिली, गोळी बंद करू का?

मानेवाड्याचा_पोट्टा:
आई 64 वर्षांची. लघवीला जळजळ होत होती, सारखं जावं लागत होतं, ताप नव्हता. डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन 500 दिली, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. तीन दिवसांत जळजळ बरीच कमी झाली पण काल रात्रीपासून उजव्या टाचेच्या वरची शीर दुखून राहिली, पायऱ्या उतरताना कळ निघते. ती म्हणते कुरडया वाळवायला गच्चीवर चढउतार झाली म्हणून, मलाही तसंच वाटलं होतं, पण गोळ्यांसोबतच्या चिठ्ठीत टेंडनचं काहीतरी लिहिलंय अन् तिथून माझं डोकं फिरलं. तिला शुगर आहे, ग्लिमेपिराइड चालू. दुपारी कॅल्शियमची गोळी. अन् सिप्रो ती घेते दुधासोबत, गोळी गरम पडते म्हणे. गुडघ्यासाठी मागच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी एक कोर्स दिला होता, पाकिटावर प्रेडनिसोलोन लिहिलंय, त्यातल्या दोन-चार गोळ्या अजून चालू आहेत. आज रविवार, दवाखाना बंद. कोर्स अर्ध्यात सोडायचा नसतो म्हणतात ना?

डब्बा_गरम:
काऊन एवढं टेन्शन घेता भाऊ, आमच्या घरी सिप्रोचं पान नेहमीच डब्यात असते, पोट बिघडलं की दोन गोळ्या घेतो अन् मोकळे. टाचेला तिळाचं तेल चोळा, होते बरोबर.

गोळीवाला_बर्डी:
डब्बा भाऊ, तेल चोळायला सांगू नका, आणि ते डब्यातलं पान पण फेका. दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, शिकून जातात, मग खरी गरज पडते तेव्हा हेच औषध लागू पडत नाही.

पोट्टा भाऊ, आता तुमचं. मी बर्डीला मेडिकलच्या काउंटरवर 11 वर्षं आहे, डॉक्टर नाही, पण हे वाचून गप्प बसवत नाही. संध्याकाळची गोळी देऊ नका आणि आजच डॉक्टरांना फोन लावा. फोन नाही लागला तर कुठल्याही हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत दाखवा, उद्यावर टाकू नका. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, या जातीच्या गोळ्यांनी (सिप्रो, लिव्हो, ऑफ्लॉक्स, मॉक्सी सगळ्या) ती सुजते, कधी तुटते, आणि बहुतेक वेळा टाचेवरचीच. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणारं सरकारी खातं) 2008 मध्येच गोळ्यांच्या चिठ्ठीवर त्याचा ठळक इशारा लावायला लावला. साठीच्या पुढचं वय अन् स्टेरॉइड, या दोन गोष्टी असल्या की धोका वाढतो. प्रेडनिसोलोन स्टेरॉइडच आहे. फोनवर सगळ्यात आधी हेच सांगा, लघवीवाल्या डॉक्टरांना गुडघेवाल्यांची चिठ्ठी कोणी दाखवली असेल असं मला तरी वाटत नाही. पण स्टेरॉइड मनानेच एकदम तोडू नका, तेही विचारूनच.

कोर्स अर्ध्यात सोडू नये हे खरं, पण ते मनाने सोडू नये असं आहे. इथे डॉक्टर औषध बदलून देतील. 2016 पासून एफडीए हेच सांगते की साध्या मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनला दुसरा पर्याय असेल तर ही गोळी राखून ठेवा. किडनीपर्यंत गेलेलं, ताप-थंडीवालं इन्फेक्शन असलं तर हिशोब वेगळा.

दुधाचं म्हणाल तर, कॅल्शियम सिप्रोला पोटातच बांधून ठेवते, रक्तात जातच नाही नीट. नुसतं दूध, दही, ताक गोळीसोबत नको. कॅल्शियम, आयर्न, झिंक, गॅसचं गुलाबी औषध, हे सगळं सिप्रोनंतर दोन तासांनी, नाहीतर सिप्रोच्या सहा तास आधी. अन् ग्लिमेपिराइडसोबत शुगर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर आली तर लगेच साखर द्या अन् मशीनवर तपासा.

वर्धा_रोड:
माझ्या मामांना अशीच कळ होती, त्यांनी दोन दिवस अंगावर काढली, मग बाजारात चालता चालता मागून कोणी लाथ मारल्यासारखं झालं, फट्ट आवाज आला. सहा महिने लंगडले. आईला गच्चीवर पाठवू नका, मालिश पण नको. आणि उन्हाचं कोणीच बोललं नाही, या गोळ्यांवर कातडी भाजल्यासारखी होते, अन् आपल्या मे महिन्यात 45 च्या उन्हात कुरडया! राहू द्या त्या कुरडया.

मानेवाड्याचा_पोट्टा:
फोन लागला. स्टेरॉइडचं ऐकून डॉक्टर दोन सेकंद गप्पच झाले, मग म्हणाले सिप्रो बंद. लघवीचं कल्चर (कोणता जंतू, त्यावर कोणतं औषध चालते ती तपासणी) पाठवलं होतं, त्याचा रिपोर्ट आलाच होता, त्यात जंतूवर सिप्रो नीट लागूच पडत नव्हती, नायट्रोफ्युरेंटॉइन चालते असं निघालं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून तीच दिली. गुडघेवाल्या डॉक्टरांशीही बोलणार आहेत. टाच अजून दुखते, पायाखाली उशी घेऊन बसवलंय, उद्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवतो. कुरडया वहिनीच्या गळ्यात पडल्या. आई विचारून राहिली, ताक सुरू करू का?

गोळीवाला_बर्डी:
करू द्या जी. ही नवीन गोळी उलट जेवणासोबतच घ्यायची असते. फक्त गॅसचं औषध विचारल्याशिवाय नको.