जॅझ: क्लबात बसून ऐकायचा की तबकड्या जमवून?

हडसनकाठी

गेल्या महिन्यात न्यू जर्सीतल्याच एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. दिवाणखान्याची एक अख्खी भिंत जॅझच्या एल.पी.नी भरलेली. यजमानांनी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची १९५९ची मूळ प्रत कडेला धरून अलगद बाहेर काढली, सगळ्यांना दाखवली आणि परत ठेवून दिली. लावली नाही. म्हणे, सुईने झिजते. मी विचारलं, “शेवटचं क्लबात कधी गेला होतात?” म्हणाले, “मुलगी लहान होती तेव्हा.” मुलगी आता वकिली करते! आणि त्यांच्या घरापासून पाथ ट्रेन पकडली की तासाभरात माणूस व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबच्या दारात.

म्हणून हा धागा. माझ्या मते तबकड्या जमवणं हा वेगळा छंद आहे, पोस्टाची तिकिटं जमवण्यासारखा. जॅझ ऐकणं म्हणजे ते नव्हे.

व्हॅनगार्ड न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अव्हेन्यूवर, १९३५पासून त्याच तळघरात. लाल दार, अरुंद जिना, खाली पाचरीच्या आकाराची खोली आणि तिच्या निमुळत्या टोकाला बँड. माणसं मावतात १२३. जेवण मिळत नाही, फोन काढायचा नाही, वादन चालू असताना बोलायचं नाही. एरवी मंगळवार ते रविवार एकच बँड असतो. मी एकदा मंगळवारी गेलो आणि राहवेना म्हणून त्याच आठवड्यात शनिवारी पुन्हा गेलो. चीज तीच. मंगळवारी ती नीट, इस्त्री केल्यासारखी वाजली. शनिवारी मधेच ड्रमरने दोन्ही ब्रश मांडीवर ठेवले आणि पूर्ण एक आवर्तन नुसता बसून राहिला. पियानोवाला आधी दचकला, मग मोठ्याने हसला आणि त्या हसण्यातच त्याने अशी काही जागा घेतली की शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने माझा गुडघा थोपटला. हे कुठल्या तबकडीवर मिळतं?

धूळखाऊ

आधीच सांगतो, मी पार्टी आहे. सदाशिव पेठेत दोन खोल्या, त्यातली अर्धी रेकॉर्डींनी खाल्लेली. बायकोने ‘धूळखाऊ’ म्हटलं तेच नाव इथे घेतलं.

व्हॅनगार्डचंच उदाहरण घेऊ. २५ जून १९६१, रविवार. बिल इव्हान्सच्या त्रयीने दुपार-संध्याकाळ मिळून पाच सेट वाजवले, तेही ध्वनिमुद्रणासाठी. त्यातून निघालेल्या रेकॉर्डी नीट कान देऊन ऐका. पियानो हळुवार चाललाय आणि मागे ग्लास किणकिणताहेत, कोणीतरी खिदळतंय, एक टेबल तर गप्पांतून बाहेरच येत नाही. हे तुमचं “बोलायचं नाही”वालं तळघर! बासवर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर, होता स्कॉट लाफारो, वय २५. नुसता ठेका धरून न बसता तो पियानोशी बरोबरीने बोलत होता. बासकडे बघण्याची दृष्टीच त्याने बदलली. त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, तो मोटार अपघातात गेला.

त्या टेबलवाल्यांनी काय ऐकलं? स्वतःच्या गप्पा. मी साठ वर्षांनी, बारा हजार किलोमीटरवर, रात्री अकराला पंखा बंद करून ऐकतो तेव्हा लाफारोचा प्रत्येक सूर माझा असतो. हजर असणं आणि ऐकणं यात फरक आहे, हडसनकर. आपल्याकडे सवाईला मंडपात बसून वडापावचा हिशोब करणारे काय कमी असतात?

तीनताल_तिरपट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

हडसनकाठी

धूळखाऊ, फटका बरोबर बसला. पण तुमची लाडकी रेकॉर्ड झाली कुठे? क्लबातच. तिथे कोणी गेलंच नसतं, तर क्लब चालला नसता आणि लाफारोला वाजवायला जागाही मिळाली नसती. त्या गप्पिष्ट टेबलाने निदान पेयांचे पैसे तरी भरले.

आता मूळ प्रतीच्या तोऱ्याबद्दल. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूच्या तीनही चिजा २ मार्च १९५९च्या सत्रातल्या. त्या दिवशी मुख्य टेप यंत्र जरा हळू चालत होतं. त्यामुळे रेकॉर्डवर ते संगीत किंचित जलद आणि किंचित चढ्या सुरात आलं. हे सुधारलं गेलं १९९२च्या आवृत्तीत. म्हणजे तेहतीस वर्षं लोक रेकॉर्डबरोबर रियाज करायला बसत आणि आपलंच वाद्य उतरलंय असं समजून तारा पिळत! आमच्या यजमानांनी जपून ठेवलेली प्रत नेमकी तीच. तिजोरीतला बेसूर.

धूळखाऊ

हाहा. पण ती चूक सापडली ती रेकॉर्ड होती म्हणूनच ना? मैफलीत कोण किती चढला, हे दुसऱ्या दिवशी कोण सिद्ध करणार? सगळे “काय रंगली!” म्हणत घरी जातात.

न लावता ठेवणारे मलाही आवडत नाहीत. मी प्रत्येक रेकॉर्ड वाजवतो. पावसाळ्यात तर वाजवावीच लागते, नाहीतर पांढरी बुरशी धरते. सप्टेंबरात एकेक काढून पुसत बसणं हा आमच्या घरचा एक सणच आहे. जमवण्यातली गंमत मात्र तुम्ही पोस्टाच्या तिकिटांवर काढून टाकलीत, ते पटलं नाही. ब्लू नोट या जॅझ कंपनीची जुनी रेकॉर्ड हातात आली की मी आधी कव्हर बघत नाही. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरतो. खाचा संपून लेबल सुरू होईपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यात ‘आरव्हीजी’ अशी अक्षरं आणि कानासारखी दिसणारी एक बारीक खूण शोधतो. आरव्हीजी म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर. हा माणूस दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि फावल्या वेळात हॅकनसॅकला आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत ध्वनिमुद्रण करायचा. १९५९मध्ये त्याने स्वतंत्र स्टुडिओ बांधेपर्यंत ब्लू नोटच्या कितीतरी रेकॉर्डी त्या खोलीत झाल्या. हॅकनसॅक तुमच्या जर्सीतच आहे. कधी गेलात?

प्रतिप्रश्न

पैशाचं कोणीच बोलत नाहीये. ब्लू नोटच्या काही मूळ प्रती हजारो डॉलरला जातात. त्यातले वाजवणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना किती? शून्य. एक संग्राहक दुसऱ्याला विकतो, बस. क्लबच्या तिकिटातले निदान काही पैसे तरी आज, जिवंत माणसाच्या हातात पडतात. धूळखाऊकाका, याला उत्तर द्या.

धूळखाऊ

उत्तर नाही. जुन्या बाजारात घेतलेल्या मालाबाबत हे खरंच आहे. पण पुण्यात मी महिन्यातून किती वेळा आणि कुठल्या क्लबात जाऊ, तेही सांगा. एका ‘जॅझ नाइट’ला गेलो होतो. बँड बिचारा मनापासून वाजवत होता आणि मालकाने समोर मोठ्या पडद्यावर क्रिकेट लावलं होतं. बासचा सोलो चालू असताना विकेट पडली. टाळ्या कशाला होत्या, ते बासवाल्याला कळलं असेलच.

माहीमची माई

तुमचं भांडण वाचून लिहावंसं वाटलं. माझे सासरे गोव्याचे, ट्रंपेट वाजवायचे. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, रात्री चर्चगेट स्ट्रीटवरच्या हॉटेलांत. आता तो वीर नरिमन रोड. पन्नास-साठच्या दशकांत त्या एका रस्त्यावर रोज रात्री बँड वाजत. शनमुखानंदला १९६४मध्ये अमेरिकेचा ट्रंपेटवाला लुई आर्मस्ट्राँग आला त्याच्या कितीतरी आधीपासून आमचे गोवेकर इथे ते संगीत वाजवत होते. त्यांच्यातल्या चिक चॉकलेट या ट्रंपेटवाल्याला तर सगळे ‘हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग’च म्हणायचे. आपले पुणतांब्याचे चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी त्याला ‘अलबेला’त पडद्यावरही आणला, १९५१ साली. तो निदान दिसतो तरी.

सासऱ्यांचं काय उरलंय? सिनेमाच्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्यांची नावं नसायची आणि हॉटेलात वाजवलेलं कोणी मुद्रित केलं नाही. पस्तीस वर्षं माणूस रोज रात्री वाजवत होता, पण त्याचं जॅझ ऐकवणारा एक मिनिटाचाही तुकडा आमच्याकडे नाही. ज्यांनी ऐकलं ते सांगायचे, “तुझा सासरा काय वाजवायचा गं!” ते सांगणारेही आता गेले. म्हणून हडसनकाठींचं म्हणणं पटत असलं तरी मत माझं धूळखाऊंना.

हडसनकाठी

माई, यावर वाद घालत नाही. त्यांची नोटेशन्स वगैरे काही आहेत का घरी?

माहीमची माई

आहेत ना, लोखंडी पेटीभर. फार देखणं हस्ताक्षर. सुरुवातीची धून पूर्ण लिहिलेली, शेवट पूर्ण लिहिलेला. मधे जिथे त्यांचा सोलो असायचा तिथे नुसती कॉर्डची नावं आणि बत्तीस मात्रांच्या तिरक्या रेघा.

धूळखाऊ

एका पानाचा फोटो टाकाल? ती कुठली चीज आहे ते तरी शोधू.

माहीमची माई

रविवारी मुलगा आला की काढते. कागद हात लावला की कडेने सुटतो, आणि पेटीवर गणपतीचं सामान ठेवलंय.