अनुभव धागा : रात्र एकच, मोजले ४५ दिवस

एचआयव्हीच्या धास्तीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांनी इथे लिहावं. नाव नको, उपदेश तर नकोच. सुरुवात मीच करतो.

कंडोम फाटला होता. आधी मी तो दिव्याखाली धरून भोक केवढं आहे ते बघितलं, जसं काही लहान भोकाला धोका कमी! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "किती तास झाले?" अकरा. पेपच्या गोळ्या, म्हणजे धोका घडून गेल्यावर लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या, ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. मग २८ दिवस, एकही न चुकवता. पहिला आठवडा नुसती मळमळ. फोनवरच्या गजराला मी 'व्हिटॅमिन' असं नाव दिलं होतं. आईने एकदा विचारलंच, "कसलं रे हे व्हिटॅमिन, रात्री नऊला?" त्यानंतरच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या.

⁂

माझं उलट. मला पेप वगैरे माहीतच नव्हतं, मी फक्त गूगल करत बसले. सोळाव्या दिवशी घसा दुखला आणि संपलंच सगळं! ताप, पुरळ, गाठी, यादीतलं एकेक अंगावर शोधायचे. मानेतल्या गाठी दिवसातून वीसदा चाचपायचे. चाचपून चाचपून त्या दुखायला लागल्या, म्हणजे मला हवा तो पुरावाच मिळाला. ऑफिसच्या बाथरूममध्ये थर्मामीटर घेऊन उभी असायचे. असा ताप-घसा कुठल्याही व्हायरलमध्ये येतो, लक्षणांवरून एचआयव्ही ठरवता येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. त्याआधीची निगेटिव्ह पक्की धरता येत नाही, म्हणून ४५ दिवस भरल्यावर फोर्थ जनरेशन टेस्ट केली, ती अँटीबॉडीबरोबर पी२४ अँटिजेन, म्हणजे विषाणूचं स्वतःचं प्रथिनही शोधते. रिपोर्ट उघडायचा धीर होईना, म्हणून मैत्रिणीला पासवर्ड दिला. ती म्हणाली, "बये, श्वास घे आता."

⁂

हसाल तुम्ही. माझ्या बाबतीत नुसतं चुंबन होतं. त्याने लागण होत नाही हे मला पाठ होतं. पण हिरडीतून रक्त आलं असेल तर? लॅब बदलून बदलून अकरा टेस्ट केल्या. निगेटिव्ह आली की दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी नवा किडा : नमुन्यांची अदलाबदल झाली असेल तर? शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "टेस्टचं राहू दे. त्या रात्रीबद्दल बायकोला सांगितलंय?" मी बराच वेळ पंख्याकडे बघत बसलो. सध्या सराव चालू आहे : टेस्टची ऊर्मी आली की ती न भागवता बसून राहायचं. फार त्रास होतो.

⁂

मी लॅबमध्ये काम करतो, म्हणून एवढंच. रॅपिड किटवर 'सी'पाशी, म्हणजे कंट्रोलपाशी, रेघ उमटायलाच हवी, ती फक्त किट चालतंय एवढंच सांगते, नाहीतर किट बाद. कितीतरी जण तीच रेघ बघून पांढरेफटक पडतात. आणि पहिली टेस्ट रिॲक्टिव्ह (पॉझिटिव्हकडे झुकणारी) आली तरी तो अंतिम निकाल नाही, पुढच्या टेस्ट करून खात्री करावी लागते.

⁂

वरचं सगळं वाचलं. माझी खरंच पॉझिटिव्ह आली, सहा वर्षं झाली. टेस्ट केली नाही तर आजारही नाही, अशा हिशेबाने मी चार महिने घालवले होते; राग येतो तो त्या चार महिन्यांचा. आता दिवसाला एक गोळी आणि अधूनमधून व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची टेस्ट. तो अनडिटेक्टेबल, म्हणजे टेस्टमध्ये सापडणार नाही इतका कमी राहिला आहे, त्यामुळे जोडीदाराला माझ्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. तिला सगळं माहीत आहे. ज्या कागदाला तुम्ही सगळे एवढे घाबरलात, तो माझ्याकडे कपाटात वीजबिलांखाली पडलाय. गजर मीही लावतो, रात्री नऊचाच. त्याचं नाव 'गोळी'.