मदत हवी आहे: जोडीने येणाऱ्या बस रोखायच्या कुठे?

वेळापत्रकात दर १० मिनिटांनी बस, प्रत्यक्षात दोन बस जोडीने येतात आणि मग २० मिनिटं रस्ता रिकामा. कारण उघड आहे: उशीर झालेल्या बसला थांब्यावर जास्त गर्दी मिळते, चढ-उतारात ती आणखी रखडते, मागची अर्धी रिकामी बस तिला गाठते. फेऱ्या तेवढ्याच, पण सरासरी वाट पाहणं ५ वरून १० मिनिटांवर जातं. थांब्यावरच्या माणसासाठी निम्म्या बस रद्द झाल्यासारख्याच.

म्हणून घड्याळाऐवजी पुढच्या बसपासूनचं अंतर पाहून मधल्या थांब्यावर बस थोपवायची आहे. शेवटाकडे थोपवून उपयोग नाही, पुढे चढणारे फारसे उरत नाहीत. भरलेली बस थोपवली तर आतले खोळंबतात. बरेच जण उतरतात आणि पुढेही गर्दी आहे, असा थांबा हवा. तो एकच आहे, पण तिथे एकाच बसपुरती जागा. उभी बस इतर मार्गांच्या बस अडवते.

ज्यांनी हे चालवलंय त्यांनी सांगा: जास्तीत जास्त किती मिनिटं थोपवता? मागच्या बसचं अंतरही धरता का? की मार्गाच्या टोकाच्या थांब्यावर दोन फेऱ्यांमध्ये ठेवलेला राखीव वेळ वाढवून सुटतानाच अंतर सारखं करणं पुरतं?