आधी व्हिसा कोणता ते विचारा

ताई, नवऱ्याला कंपनी अमेरिकेला पाठवतेय, तर पुण्यातली १२ वर्षांची नोकरी सोडून जावं का, असं तुम्ही विचारलंय. मुलांची शाळा, आईवडील याबद्दल वर बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते पटतंच. पण त्याआधी एक गोष्ट नवऱ्याच्या एचआरकडून पक्की करून घ्या : व्हिसा एल-१ (त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेत बदलीचा) की एच-१बी (खास शिक्षण लागणाऱ्या नोकरीचा)?

यात फार मोठा फरक आहे. एल-१ असेल तर तुम्हाला एल-२, म्हणजे त्याच्या जोडीदाराचा व्हिसा, मिळेल, आणि नोव्हेंबर २०२१पासून एल-२वरच्या जोडीदाराला वेगळ्या वर्क परमिटशिवाय नोकरी करता येते. उतरल्यावर आय-९४वर, म्हणजे प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर, ‘एल-२एस’ अशी नोंद आहे ना, तेवढं बघायचं. एच-१बी असेल तर तुम्ही एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. तिथे परमिटसाठी अर्ज करता येतो तो नवऱ्याची आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनी करते तो अर्ज) मंजूर झाल्यावर किंवा त्याला एच-१बीवर सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाल्यावर. म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करणार हे लेखी सांगितलं नसेल, तर तुमच्या घरी बसण्याला मुदतच नाही.

मी एच-४वर साडेतीन वर्षं न्यू जर्सीत काढली. एडिसनला मराठी शेजार होता, गणपती होता, वाणसामान सगळं मिळायचं. तरी स्वतःच्या खर्चाला पैसे मागताना गळा दाटून यायचा. नवरा चांगला असूनही यायचा.

आणि राजीनामा देण्याआधी वर्षभराची बिनपगारी रजा मिळते का, ते विचारा. मी विचारलंच नव्हतं, त्याची हळहळ अजून वाटते.