शाळा हिरवी करायची आहे: सुरुवात गच्चीपासून की अंगणापासून?

विश्वस्त_ठाणे

वर्तकनगर भागातली ट्रस्टची शाळा. तळमजला अधिक तीन, ऐंशीच्या दशकातलं आरसीसी बांधकाम. गच्ची साधारण ५५० चौ.मी., वर जुना विटांचा कोबा (गळती रोखायला टाकलेला विटांच्या तुकड्यांचा थर). अंगण ७०० चौ.मी., सगळं पेव्हर ब्लॉकचं. कंपाउंडला लागून दोन मोठे सोनमोहर. पश्चिमेकडचे आठ वर्ग दुपारच्या सत्रात भाजून निघतात.

सल्लागाराचा प्रस्ताव आहे, गच्चीवर १५ सेंमी माती टाकून बाग आणि पश्चिमेच्या भिंतीवर ६० चौ.मी. व्हर्टिकल गार्डन. पैसे टप्प्याटप्प्यानेच येणार, मग आधी काय हाती घ्यावं? शिवाय ऐरोलीत ट्रस्टची दुसरी शाळा आहे. तिथे हाच आराखडा उचलला तर चालेल का? मुलं दोन्हीकडे ६०० च्या आसपास.

स्लॅब_बीम_कॉलम

माती गच्चीवर चढवायच्या आधी वजनाचा हिशेब करा. ये-जा असलेल्या गच्चीला आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचा भार, धरतात १५० किलो प्रति चौ.मी. पाणी प्यायलेली १५ सेंमी लाल माती २५० किलोच्या पुढे जाते, म्हणजे एकही मूल वर न जाता मर्यादा ओलांडली. कोबा सरासरी ११ सेंमी असेल तर त्याचे दोनेकशे किलो आधीच बसलेत, आणि गळती थांबवायला म्हणून कुणी त्यावर आणखी थर ओतला असेल तर ते वेगळे.

३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट तसंही लागतंच. फक्त हॅमरच्या (काँक्रीटवर ठोका मारून वरवरची मजबुती मोजणाऱ्या चाचणीच्या) आकड्यांवर समाधान मानू नका. कोअर (काँक्रीटचा कापून काढलेला नमुना), कार्बोनेशनची खोली (हवेमुळे काँक्रीट किती आतपर्यंत बिघडलंय) आणि हाफ-सेल (आतल्या सळ्या गंजताहेत का) या तिन्ही चाचण्या मागा. कोबा काढायचा ठरला तर दिवाळीनंतर सुरू करा आणि छिन्नी-हातोड्यानेच काढून घ्या. ब्रेकर लावला की काम चार दिवसांत उरकतं, पण जुन्या स्लॅबला हादरे बसतात आणि खालच्या वर्गांत प्लास्टर सुटतं. नवं वॉटरप्रूफिंग झालं की ४८ तास पाणी कोंडून ठेवा. गळती मधल्या भागातून क्वचितच येते; ती येते कठड्याच्या वाट्यातून (कठडा आणि स्लॅबच्या सांध्यातल्या गोलाईतून) आणि पावसाच्या पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी.

त्या पाइपांचाही हिशेब घ्या. तासाला ७५ मिमी पाऊस धरला तर १०० मिमीचा एक पाइप जेमतेम ५७ चौ.मी. गच्ची सांभाळतो, तुम्हाला दहा लागतील. जुन्या इमारतींत चार-पाचच असतात. त्यांत पालापाचोळा अडकून १० सेंमी पाणी साचलं की चौ.मी.ला आणखी १०० किलो.

ऑडिट चांगलं आलं तर बीमच्या रेषेवर, हलक्या मिश्रणाच्या (कोकोपीट, कंपोस्ट, थोडी माती) मोजक्या कुंड्या. बाकी गच्चीला पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे). वरच्या मजल्याला गारवा द्यायचं हे सर्वांत स्वस्त काम. आणि एक गोष्ट आराखड्यांत हमखास चुकते. कठडा १.२ मीटरचा, त्याला चिकटून ४५ सेंमी उंचीची कुंडी. म्हणजे कुंडीवर चढलेल्या मुलासाठी कठडा उरला पाऊण मीटर. कुंड्या कठड्यापासून निदान मीटरभर आत हव्यात.

बकुळ_करंज

वरच्याशी सहमत. व्हर्टिकल गार्डनला तर माझा साफ नकार आहे. उन्हाळ्यात अशा भिंतीला चौ.मी.ला दिवसाला ३ ते ५ लिटर पाणी लागतं; ६० चौ.मी.ला १८० ते ३००. मे महिन्यात शाळेला सुट्टी, पंप एकदा ट्रिप झाला की पाहायला कोणी नाही. ड्रिपरच्या (थेंब थेंब पाणी देणाऱ्या तोटीच्या) तोंडाशी क्षार साचतात, एक ओळ वाळते, आणि १५ जूनला शाळा उघडते तेव्हा भिंतीवर काळे प्लास्टिकचे खोके उरलेले असतात.

पश्चिमेचं ऊन दुपारी तिरपं येतं. मे महिन्यात पाचच्या सुमारास सूर्य ३० अंशांच्याही खाली असतो, तेव्हा ६० सेंमीचा छज्जा खिडकीवर ३५ सेंमीसुद्धा सावली पाडत नाही. म्हणून छज्जा वाढवू नका, उभा आडोसा करा. भिंतीपासून ४५ सेंमी बाहेर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची चौकट, तिच्यावर स्टीलच्या तारा, आणि जमिनीत लावलेले वेल. जमिनीतला वेल एकदा रुजला की मे महिना आठवड्याच्या दोन पाण्यांवर काढतो. तळमजल्याला गोकर्ण, गारवेल पुरेत. वर चढवायला मधुमालती, पण ती भरली की फार जड होते. चौकट कॉलम-बीमला अँकर करा, विटांच्या भिंतीला नको. दुपारचा वाराही पश्चिमेचाच असतो, त्यामुळे खिडकीसमोर तारा विरळ ठेवा.

पहिला पैसा मात्र अंगणात घाला. पश्चिमेच्या भिंतीपासून ३ मीटर सोडून २ मीटर रुंद पट्ट्यातले पेव्हर काढा. खाली बहुतेक पीसीसी (सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटची लादी) निघेल, तीही फोडा. ती तशीच राहिली तर पेव्हरच्या फटीतून पाणी मुरतंय हा नुसता समज. मीटरभर खणा, डेब्रिज बाहेर काढा (सिमेंटच्या ढेकळांनी माती अल्कली होते आणि पानं पिवळी पडतात), मग दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत.

झाडं निवडताना फुलं पाहू नका, एप्रिल-मेमध्ये अंगावर पानं असतात का ते पाहा. बहावा देखणा, पण ऐन उन्हात निष्पर्ण. त्याला फाटकापाशी जागा द्या. पश्चिमेला करंज (मार्च-एप्रिलमध्ये पालवी बदलून लगेच भरतो) आणि बकुळ (सदाहरित, पण वाढ हळू), ५ मीटर अंतराने. कण्हेर, विशेषतः पिवळी, शाळेत नकोच, विषारी आहे.

सोनमोहर तोडायची घाई करू नका. फांद्या ठिसूळ असतात हे खरं, त्यासाठी पावसाआधी छाटणी हवी, आणि छाटणी असो की तोड, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खोडाभोवतीचे पेव्हर मात्र आजच दीड मीटर मागे घ्या.

खाडीकाठ_ऐरोली

ऐरोलीला हा आराखडा जसाच्या तसा लागू पडणार नाही. खाडीकडच्या सेक्टरांत भराव आहे, त्याखाली खाडीची चिकणमाती. पावसाळ्यात अर्ध्या-एक मीटरवर पाणी लागतं आणि ते मचूळ असतं. भरतीच्या वेळी नाल्यातलं पाणी बाहेरच जात नाही. नवी मुंबईत होल्डिंग पाँड (भरती ओसरेपर्यंत पाणी धरून ठेवणारे तलाव) ठेवले ते त्याचसाठी. अशा जागी शोषखड्डा म्हणजे पैसे पाण्यात. ठाण्यात मुरमाच्या जमिनीत तो चालू शकतो, पण चाचणी ऑगस्टमध्ये घ्या. एप्रिलमध्ये कुठलाही खड्डा पाणी पितो.

ऐरोलीला मुरवू नका, साठवा, आणि साठवण्याकडूनही भलत्या अपेक्षा नकोत. इथे वर्षाला अडीच हजार मिमीच्या आसपास पाऊस. ५५० चौ.मी. गच्ची आणि वीसेक टक्के पाणी वाया जातं असं धरलं तर सुमारे ११ लाख लिटर पाणी येतं, पण २०,००० लिटरची टाकी ४५ मिमी पावसातच भरते. ६०० मुलांना फ्लशला माणशी २० लिटर धरले तर दिवसाला १२,००० लिटर. म्हणजे पाऊस थांबला की दोन दिवसांत टाकी रिकामी. ती मे महिन्यासाठी नाही. चार महिने फ्लशचं नळाचं पाणी वाचतं, एवढाच तिचा फायदा, आणि तोही कमी नाही. पहिलं २ मिमी पाणी, म्हणजे साधारण ११०० लिटर, वेगळं सोडायची सोय ठेवा.

टाकी जमिनीखाली घेऊ नका. भूजल वर असताना रिकामी टाकी खालून उचलली जाते, जोड तुटतात आणि मचूळ पाणी आत येतं. जमिनीवरच, सावलीत.

झाडांसाठी आधी मातीची ईसी (खारेपणाचं माप) तपासून घ्या. ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर असेल तर बकुळीचा नाद सोडा. करंज, भेंड, उंडी ही किनाऱ्याची झाडं घ्या, तीही ६०-७५ सेंमीच्या उंचवट्यावर.

विश्वस्त_ठाणे

सर्वांचे आभार. ठाण्यात आधी ऑडिट आणि पश्चिमेचा पट्टा, असं ठरवतो आहोत. दोन शंका. पालकसभेत पहिला प्रश्न डासांचा येणार. आणि पेव्हर काढले की जूनमध्ये चिखल, मग मुलं खेळणार कुठे?

बकुळ_करंज

सगळे पेव्हर काढायचे नाहीतच. मधला खेळाचा भाग तसाच ठेवा, त्याचा उतार १:१०० करून पट्ट्याकडे वळवा. पट्ट्याची माती पेव्हरपेक्षा १० सेंमी खाली हवी. बहुतेक ठिकाणी उलट असतं, म्हणून पहिल्याच सरीत माती अंगणात येते. वरून वाळक्या पानांचं ८-१० सेंमी आच्छादन घाला.

डेंग्यूचा डास अंड्यापासून ७ ते १० दिवसांत उडू लागतो. म्हणून दर शनिवारी एका माणसाने यादी घेऊन फिरायचं: कुंड्यांखालच्या ताटल्या (त्या काढूनच टाका), टाकीच्या व्हेंटची (हवेच्या नळीची) जाळी, गच्चीवरचं भंगार, पाइपाचं तोंड. डास मातीत होत नाहीत, साचलेल्या पाण्यात होतात. पालकांना तीच यादी दाखवा.

स्लॅब_बीम_कॉलम

एक राहिलं. पट्टा खणताना इमारतीचा पाया आणि ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते आधी नकाशावर काढून घ्या. जुन्या शाळांत चेंबर पेव्हरखाली गाडलेले असतात, आणि करंजाची मुळं मातीच्या पाइपाचे सांधे शोधत जातात. लाइन पट्ट्यातूनच जात असेल तर ती झाडं लावायच्या आधी पीव्हीसीची करून घ्या.