मदत हवी आहे: एकादशी, साबुदाणा आणि सासऱ्यांची शुगर

आम्ही बेळगावजवळ राहतो. सासरे ६८ वर्षांचे, माळकरी. महिन्याच्या दोन्ही एकादश्या, वर संकष्टी. सहा वर्षांपासून शुगरची गोळी चालू आहे. उपवासाच्या दिवशी सकाळी खिचडी, रात्री परत खिचडी. सासूबाईंचं म्हणणं, "हलकं असतंय, काय हुतंय?" मागच्या एकादशीला संध्याकाळी घरच्या मशीनवर २६० दिसली.

मग पुड्यावरचं बारीक अक्षर वाचलं. १०० ग्रॅममागे कॅलरी ३५० च्या आसपास, कार्बोहायड्रेट ८७ ग्रॅम, प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. म्हणजे जे काही पौष्टिक आहे ते दाण्याच्या कुटाचंच ना?

वरी करावी म्हटलं, तर ती धान्य, एकादशीला चालत नाही. गंमत म्हणजे शेजारच्या कन्नड काकू साबुदाण्याला सब्बक्की म्हणतात. अक्की म्हणजे तांदूळ! हे ऐकल्यापासून सासरेच विचारात पडलेत, साबुदाणा तरी चालतो का म्हणून.

उपास न मोडता काय देऊ? 'उपवास सोडा' हा सल्ला कृपया नको, तो घरात देऊन झालाय.

प्रतिसाद १
सासऱ्यांना सांगा, नावात अक्की असली तरी तांदळाशी संबंध नाही. टॅपिओकाच्या कंदाचा चीक काढून, निवळून, दाणे वळून भाजतात. तमिळनाडूत सेलमकडे याचे कारखाने आहेत. कंदातला चोथा निघून जातो आणि उरतो निव्वळ स्टार्च, म्हणून साखर झपाट्याने चढते. हलकं कसलं!

खिचडी एकाच वेळी, लहान वाटीभर. साबुदाणा निम्मा करून कूट वाढवा (शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं), सोबत काकडी आणि ताक. राजगिरा चालत असेल तर त्याची भाकरी उत्तम, त्यात १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात. रताळी तर आपल्याकडे पिकतातच, उकडून द्या. पण तीही मोजून, आणि गूळ घालून नव्हे.

प्रतिसाद २
उपासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी, हे डॉक्टरांना आधी विचारा. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम उतरते, ते जास्त धोक्याचं.

धागाकर्ती
दोघांचे आभार. राजगिरा चालतो म्हणाले, पण भाकरी नको, लाडू हवेत. गुळाचे.